फलक लागला, पुढे काय?
‘तंबाखूमुक्त शाळे’च्या नऊ निकषांची तपासणी

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याने निघाले, की आधी कुंभारी लागते आणि मग वळसंग. कुंभारीच्या शिवारात विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी आहे. तिथली सुमारे दहा हजार घरे २००६ साली कामगारांच्या ताब्यात आली. या पट्ट्यात मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषा कानांवर पडतात. वसाहतीत दुपारी डोकावले, तर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या बायका दिसतात. तेंदूचे पान भिजवायचे, मापाने कातरायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. मुलांच्या वह्या, पेन, गणवेश हे सारे त्याच मजुरीतून येते.

समजा, अशा घरातली एक मुलगी सातवीच्या वर्गात बसली आहे. आज २६ जून, अमली पदार्थविरोधी दिन. ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, म्हणून दोन्ही विषय आजच उरकायचे आहेत. फळ्यावर सुंदर अक्षरांत लिहिले आहे, ‘तंबाखू म्हणजे विष’. भिंतीवर कर्करोगाने सडलेल्या जबड्याचे चित्र आहे. पाहुणे बोलतात, मुले हात पुढे करून शपथ घेतात, फोटो निघतो, कार्यक्रम संपतो. मुलगी घरी जाते. आई विड्या वळते आहे. आजी मिश्री लावून ओसरीवर बसली आहे.

या मुलीने आज काय शिकावे अशी आपली अपेक्षा होती? आणि ती प्रत्यक्षात काय शिकली? फार तर दोन गोष्टी. एक, शाळेत बोलायचे वेगळे आणि घरी असते ते वेगळे. दुसरी, आपल्या घराची लाज वाटायला हवी. यांपैकी कोणत्याही गोष्टीला व्यसनप्रतिबंध म्हणता येणार नाही.

हा लेख वळसंगच्या किंवा अन्य कुठल्या शाळेवर टीका करण्यासाठी लिहिलेला नाही. शाळा जे करतात ते त्यांना सांगितलेले असते. टीका करायची आहे ती सांगणाऱ्या कागदावर, आणि त्यामागच्या समजुतीवर.

नऊ निकष काय मोजतात?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००८ साली तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१९ साली त्या सुधारल्या. शाळेने स्वतःला गुण द्यावेत यासाठी त्यात नऊ मुद्दे आहेत. ते थोडक्यात असे : आवारात ‘तंबाखूमुक्त क्षेत्र’ असा फलक हवा, प्रवेशद्वारावर ‘तंबाखूमुक्त शिक्षणसंस्था’ असा फलक हवा, आवारात तंबाखू वापरल्याच्या खुणा नसाव्यात, दुष्परिणाम सांगणारी भित्तिपत्रके हवीत, सहा महिन्यांतून निदान एक उपक्रम व्हावा, तंबाखूवर लक्ष ठेवणाऱ्या ‘मॉनिटर’ची नेमणूक हवी, शाळेच्या नियमावलीत तंबाखूबंदी हवी, शाळेभोवती १०० यार्डांची सीमा आखलेली हवी, आणि त्या सीमेत तंबाखूचे दुकान नसावे.

यांत चूक काही नाही. प्रत्येक मुद्दा आपापल्या जागी योग्यच आहे. पण विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने कोणत्याही मोजपट्टीला एक प्रश्न विचारायचा असतो : ही पट्टी नेमके काय मोजते?

पहिले सात मुद्दे शाळेच्या हातातले आहेत. त्यांतले बहुतेक भिंतीवर नाही तर कागदावर दिसतात. शेवटचे दोन मुद्दे सर्वांत जोरकस, कारण वस्तू हाताशी नसली की ती सुरू होण्याची शक्यता कमी होते. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील कुणालाही तंबाखू विकायला बंदी केलेली आहे. पण टपरी हलवणे काही मुख्याध्यापकांच्या हातात नाही. त्यासाठी ग्रामपंचायत, पोलीस आणि पालक लागतात. म्हणजे जे शाळा एकटीने करू शकते ते बहुतांशी दुबळे, आणि जे परिणामकारक आहे ते शाळेला एकटीने जमणारे नाही! तिसरी गोष्ट म्हणजे, तंबाखू सोडू इच्छिणाऱ्या मुलाला, शिक्षकाला किंवा पालकाला मदत मिळाली का, हा प्रश्न नऊ मुद्द्यांत कुठेच नाही.

भित्तिपत्रकांचेही पाहू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न मुख्यतः मिश्री, मळलेली तंबाखू, मावा यांचा आहे. पण शाळेच्या भिंतीवर बहुधा सिगारेट, कवटी आणि काळी फुप्फुसे असतात. आजीच्या मिश्रीच्या डबीचा त्या चित्राशी काय संबंध, हे मुलांना कळावे कसे? ती निःशंक मनाने म्हणतात, ‘आमच्या घरी कुणीच सिगारेट ओढत नाही.’

वेळेचाही घोळ आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी त्या काळात तंबाखू वापरत असल्याचे सांगितले. धूरविरहित तंबाखू वापरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी, म्हणजे ५२ टक्क्यांनी, ती वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच चाखली होती. आपण व्याख्यान ठेवतो ते आठवी-नववीला!

उपक्रम झाला, म्हणजे उपयोग झाला?

‘कार्यक्रम चांगला झाला, मुलांना आवडला, पाहुणे खूश झाले.’ अहवालात आपण हेच लिहितो. या वाक्याची कसून परीक्षा अमेरिकेत झाली, ती पाहण्याजोगी आहे.

लॉस एंजेलिस शहरात १९८३ साली ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस अधिकारी वर्गात येई, मादक पदार्थांचे धोके समजावी, ‘नाही’ म्हणायला शिकवी. कार्यक्रम लोकप्रिय झाला आणि देशभर पसरला. मग संशोधकांनी तो घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची तुलना केली. १९९४ साली अनेक पाहण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा मादक पदार्थांच्या वापरावरचा परिणाम नगण्य निघाला. १९९९ साली दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष आले. दोन्ही गटांत फरक नव्हता. २००१ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने तो निरुपयोगी कार्यक्रमांत घातला. म्हणजे आवडणे आणि उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर मग शाळेत काही करूच नये का? तसे नाही. आपल्याच देशातला पुरावा उलट सांगतो. दिल्ली आणि चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात ‘मैत्री’ नावाचा प्रयोग झाला. सहावी आणि आठवीच्या मुलांबरोबर दोन वर्षे सलग काम झाले. वर्गातल्याच मुलामुलींना गटप्रमुख म्हणून तयार केले. व्याख्यानापेक्षा चर्चा, खेळ, जाहिरातींची चिकित्सा यांवर भर होता, आणि पालकांपर्यंतही साहित्य पोचवले जाई. दोन वर्षांनी प्रयोगाच्या शाळांत तंबाखूचा वापर १७ टक्क्यांनी घटला होता. तुलनेच्या शाळांत तो ६८ टक्क्यांनी वाढला होता.

या दोन आकड्यांवर वर्गात एक तास सहज घेता येईल. तुलनेच्या शाळा नसत्या, तर आपण म्हटले असते, ‘फक्त १७ टक्के घट? एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?’ वय वाढते तसा वापर वाढतोच, हे दुसऱ्या आकड्याने दाखवले म्हणून पहिल्याची खरी किंमत कळली. नियंत्रित गट कशासाठी हवा, हे समजावायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसरे उदाहरण आणखी नवलाचे आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९८५ पासून पहिली-दुसरीच्या वर्गांत एक खेळ घेतला गेला. मुलांचे गट करायचे, वर्गात शांतपणे काम करण्याचे नियम ठरवायचे, आणि नियम पाळणाऱ्या सगळ्या गटांना छोटे बक्षीस द्यायचे. त्यात तंबाखूचे नाव नव्हते, दारूचे नव्हते. ही मुले १९ ते २१ वर्षांची झाली तेव्हा त्यांची पाहणी झाली. लहानपणी जी मुले सर्वांत दांडगाई करणारी होती, त्या मुलग्यांत मादक पदार्थांच्या आहारी जाण्याचे प्रमाण तुलनेच्या वर्गांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. आपला आवेग आवरणे, गटात सामावले जाणे, गुरुजींकडून चांगला शब्द ऐकणे, या गोष्टींनी जे साधले ते भीतीच्या चित्राने साधत नाही. पहिलीच्या बाई व्यसनप्रतिबंधाचे काम करत असतात, फक्त त्यांना तसे कुणी सांगितलेले नसते.

चुना, मिश्री आणि आजी

भीतीऐवजी मुलांना काय द्यावे? ज्ञान द्यावे, पण घरात उपयोगी पडेल असे. तळहातावर तंबाखू मळताना चुना का लावतात? निकोटीन हा अल्कधर्मी पदार्थ आहे. चुन्यामुळे तोंडातले मिश्रण अधिक अल्कधर्मी होते, निकोटीनच्या रेणूंवरचा विद्युत्भार जातो, आणि असे भाररहित रेणू गालाच्या आतल्या त्वचेतून चटकन रक्तात उतरतात. दहावीच्या मुलाला आम्ल-अल्क शिकवताना हे सांगितले, तर धडाही समजतो आणि तंबाखूही.

मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. दात घासायला म्हणून सुरू होते. मग ती लावल्याशिवाय डोके दुखते, शौचाला होत नाही, कामात लक्ष लागत नाही. आजी म्हणते, ‘मिश्रीनं बरं वाटतं.’ ती खोटे बोलत नाही. मेंदूला निकोटीनची सवय झाली, की ते कमी पडल्यावर त्रास होतो आणि पुन्हा मिळाले की तो थांबतो. मिश्रीने बरे वाटते ते मिश्रीनेच आणलेल्या त्रासापासून. हा त्रास सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकांचा दोन-चार आठवड्यांत ओसरतो. एवढी माहिती असलेली नात आजीला ‘तू विष खातेस’ असे म्हणणार नाही. ‘आजी, पहिले तीन दिवस अवघड जातील, मी तुझ्यासोबत आहे,’ असे म्हणेल.

विड्या वळणाऱ्या आईविषयीही असेच. निकोटीन कातडीतून शिरते, बारीक भुकटी श्वासातून जाते. म्हणून स्वयंपाकाआधी, बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवावेत, तंबाखूचे सूप बाळाच्या निजण्याच्या जागेपासून दूर ठेवावे, दार-खिडकी उघडी ठेवावी. हा आरोग्याचा धडा आहे आणि त्यात आईचा अपमान नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. ‘घरी कोणकोण तंबाखू खाते ते लिहून आणा’, ‘ज्यांचे वडील दारू पितात त्यांनी हात वर करा’, असे उपक्रम मोठ्या उत्साहाने घेतले जातात. ते कृपया करू नयेत. मुलाला आपल्या घराचा खबऱ्या बनवण्याचा अधिकार शाळेला नाही. माहिती हवीच असेल, तर नाव नसलेल्या चिठ्ठ्या, सर्वांच्या एकसारख्या, एका बंद डब्यात घ्याव्यात.

जाणकारांनी काय करावे?

आणखी एक काम शिक्षकांच्या गळ्यात मारायचे का, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे उलटे आहे. डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, पोलीस या जाणकारांनी वर्षातून एकदा व्यासपीठावर येऊन जाण्याऐवजी गावाच्या आणि शिक्षकाच्या पाठीशी वर्षभर उभे राहावे. असे काम कसे होते, याचे नमुने लांब शोधावे लागत नाहीत.

सोलापूर जिल्ह्यातल्याच बार्शीत १९८७ साली ग्रामीण भागासाठी देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातला रुग्ण आपण होऊन रुग्णालयात येत नाही, मग नोंद कशी होणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव ठराविक काळाने जात राहिले, लोकांशी बोलत राहिले, कर्करोगाची लक्षणे सांगत राहिले, आणि शंका आलेल्यांना तपासणीसाठी बार्शीच्या रुग्णालयात आणत राहिले. मूळ हेतू नोंदीचा. पण काही वर्षांत दिसले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येत आहेत. हे एका भाषणाने झालेले नाही. तोच माणूस पुन्हा पुन्हा त्याच गावात गेला आणि संशयित रुग्णाला पुढची वाट दाखवता आली, म्हणून झाले.

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झाले. डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. पण केंद्राची उभारणी केवळ तज्ज्ञांवर झाली नाही. व्यसनातून बाहेर आलेली माणसे तिथे कार्यकर्ते झाली, आणि रुग्णांच्या पत्नींचे गट उभे राहिले. तज्ज्ञाने स्वतः सगळे करायचे नसते. इतरांना करता येईल अशी जागा त्याने तयार करायची असते.

तिसरा नमुना तर वळसंगच्या शेजारचा. हातभट्टीच्या दारूवर वर्षानुवर्षे छापे पडत आणि भट्ट्या पुन्हा पेटत. २०२१ साली सोलापूर ग्रामीण पोलिसांनी, तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना, ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्या अधिकाऱ्यांनी दत्तक घेतल्या. कारवाई चालू ठेवलीच, पण त्याबरोबर समुपदेशन, जनजागृती आणि दुसऱ्या रोजगाराची सोय यांकडेही लक्ष दिले. असे बदल किती टिकतात हे वर्षानुवर्षे पाहावे लागते, आणि अधिकारी बदलला की काम थांबण्याचा धोका असतोच. तरीही त्यात एक गोष्ट ओळखली गेली : ज्या वस्तूवर घराची चूल पेटते, ती केवळ धाक दाखवून सुटत नाही. विडीच्या बाबतीतही हेच खरे आहे.

आणि शिक्षक स्वतः? बिहारमधील ७२ शाळांत २००९ ते २०११ या काळात शिक्षकांसाठीच एक कार्यक्रम झाला. त्यात शिक्षकांना उपदेश नव्हता. शाळेत चर्चा, सोडण्याचे उपाय आणि सहकाऱ्यांचा आधार होता. कार्यक्रम संपताच पाहिले, तेव्हा प्रयोगाच्या शाळांतल्या ५० टक्के तंबाखू वापरणाऱ्या शिक्षकांनी गेला महिनाभर ती सोडली होती. तुलनेच्या शाळांत १५ टक्क्यांनी. आणखी नऊ महिन्यांनी, निदान सहा महिने दूर राहिलेले अनुक्रमे १९ आणि ७ टक्के होते. सोडलेल्यांपैकी बरेच परत वळले हे खरे, पण फरक टिकला. खिशात पुडी ठेवून शपथ देणाऱ्या सरांना मुले बरोबर ओळखतात. त्या सरांना हसण्यापेक्षा त्यांना मदत करणे शाळेच्या अधिक हिताचे आहे.

नऊच्या पुढचे प्रश्न

फलक काढून टाका असे मी म्हणत नाही. नऊ मुद्द्यांचे गुण भरून झाले, की शाळेने स्वतःला आणखी पाच प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षभरात तंबाखू सोडायला आपण किती जणांना मदत केली, त्यांत शिक्षक किती? आपले काम एका दिवसाचे होते की पुन्हा पुन्हा झाले? पहिली ते चौथीच्या वर्गांत आपण काय करतो? १०० यार्डांच्या सीमेचा प्रश्न ग्रामसभेत मांडला का? आणि आपल्या कार्यक्रमाने कुठल्या मुलाला घराची लाज वाटली का?

चौथ्या प्रश्नाला गणिताची जोड देता येईल. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. हे अंतर शाळेच्या मध्यापासून मोजायचे नसते, तर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सर्व बाजूंना मोजायचे असते. आठवी-नववीच्या मुलांनी दोरी आणि मोजपट्टी घेऊन आवाराचा नकाशा काढावा, त्याभोवती ही सीमा आखावी आणि त्यात येणाऱ्या जागा दाखवाव्यात. दुकानदाराशी भांडायला मुलांना पाठवू नये. नकाशा मुख्याध्यापकांनी ग्रामसभेपुढे ठेवावा. पुढचे काम मोठ्यांचे.

पहिल्या प्रश्नासाठी दोन मोफत दूरध्वनी क्रमांक फलकाखाली लिहून ठेवावेत : तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि इतर व्यसनांसाठी १४४४६. निदान फलक वाचणाऱ्याला पुढे कुठे जायचे ते तरी कळेल.

सातवीतली ती मुलगी २७ जूनलाही शाळेत येणार आहे. तिच्याशी त्या दिवशी आपण काय बोलतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे.